थर्मामीटर कुणाच्या हातातून गेलं?



डॉक्टरकी हा धंदा का व्रत, यावर बोल म्हणून मला सांगितलंय. व्रत म्हटलं की मला आधी वॉर्डातली घाण काढणारी आमची बाई आठवते. तिच्या कामाला कुणी व्रत म्हणत न्हाई. असो.

१९२९ साल. काठियावाडातला एक अस्पृश्य शाळामास्तर. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला तेव्हा आला, तोही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. ओली बाळंतीण बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाला दिलं, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. त्याच वाटेनं परत. दिव्याच्या उजेडात पारा वाचून तो न्यूमोनिया म्हणाला, औषध धाडलं, पुन्हा फिरकला नाही. बाई मेली. मास्तरचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त घेतलं.

आता बघा, त्या डॉक्टरला विद्या येत होती. पारा वाचता येत होता, रोगाचं नाव सांगता आलं. मग कमी काय होतं?

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग शिकवायला लागले. 'एटकॉम' म्हणतात त्याला. चांगलं झालं, मी त्याची टिंगल करणार न्हाई. २०२२ मध्ये शपथ हिपोक्रेटिसची का चरकाची यावर मात्र उगीच धुळवड झाली. शपथ कुणाचीबी घ्या, पण शिकवणारा कोण? दिल्लीच्या एम्सबद्दल सुखदेव थोरात समितीनं २००७ मध्ये अहवाल दिला. दलित-आदिवासी पोरं छळाला कंटाळून होस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर गोळा झाली होती. मास्तर आम्हाला वेळ देत न्हाईत, असं ती सांगत होती. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजातली ही तऱ्हा. पोरगं नीती तासाला ऐकतं, पण उचलतं राऊंडवर. सर खाटेवरच्या म्हातारीला 'ए, उठ' म्हणाले की तेच त्याच्या तोंडी बसतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. मास्तरचं ते पत्र पहिल्या वर्षाला वाचायला द्या. मग पोरांना विचारा, मेसमध्ये तुमच्या ताटाशेजारी कोण बसतं? उत्तर वहीत लिहून घेऊ नका. प्राध्यापकांनी जेवायच्या वेळी स्वतः जाऊन बघावं.