खानदेश न पाहिलेला बिशप



1825 साली जेम्स आऊट्रम नावाचा 22 वर्षांचा लेफ्टनंट आपल्या धरणगावात भिल्लांची पलटण उभारत होता. त्याच उन्हाळ्यात मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टनकडे एक पाहुणा उतरला होता, कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर. नाव कलकत्त्याचं, पण हद्द सगळ्या हिंदुस्थानची. वर सिलोन आणि ऑस्ट्रेलियासुद्धा! म्हणजे आपलं धुळं, धरणगावही त्याच्याच पदरात. इकडे मात्र तो कधी आला नाही. सुरतेहून समुद्रमार्गे थेट मुंबईला गेला.

भिल्ल त्याला भेटले ते बांसवाड्याकडच्या डोंगरांत. मुलखाचे मूळ धनी हेच, बाहेरून आलेल्यांनी यांना डोंगरात रेटलं, असं त्यानं डायरीत लिहून ठेवलं. चोर-लुटारू म्हणायचेच, पण शब्दाला पक्के आणि बायकांना बऱ्या रीतीनं वागवणारे, असंही अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं.

आता याच माणसाचं दुसरं लिखाण बघा. 1819 साली, हिंदुस्थान डोळ्यांनी पाहण्याआधी, त्यानं वेल्समध्ये बसून एक मिशनगीत रचलं. त्यात सिलोनचा निसर्ग देखणा आणि माणूस तेवढा नीच. गीत जगभरच्या चर्चमध्ये गेलं. 1925 मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी त्या दोन ओळींचा सल बोलून दाखवला.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याचं एक पत्र. 1826 च्या मार्चमध्ये त्यानं विलायतेतल्या मित्राला कळवलं, की सरकार जमिनीच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा मागतं, अशानं इथला काय किंवा गोरा काय, कोणताच शेतकरी तगणार नाही. कंपनीच्या राज्यातला हा सर्वात मोठा पाद्री! पुढे दादाभाई नौरोजींनी आणि रमेशचंद्र दत्तांनी हीच साक्ष इंग्रजांपुढे मांडली. सारा म्हणजे काय, हे खानदेशला शिकवावं लागत नाही. 1852 साली सावदा, एरंडोलकडचे शेतकरी मोजणीविरुद्ध उठले होतेच.

पत्रानंतर महिनाभरातच, 3 एप्रिलला, हेबर त्रिचनापल्लीत वारला. सकाळी चर्चचं काम आटोपून उकाड्यानं हैराण होऊन हौदात आंघोळीला उतरला, तो बाहेर आलाच नाही. एप्रिलचा उकाडा काय असतो, ते जळगावकरांना मी काय सांगू? वय अवघं 42. डायरी बायकोनं, अमिलियानं, 1828 मध्ये छापून आणली. भिल्लांची ती पानं तिच्यातच आहेत.