रायफलीच्या दस्त्यावरील मूळ ठसे

बीदरच्या किल्ल्यातील जुन्या तोफा पाहावयास जाणारा मनुष्य त्यांच्या अंगावरील फारसी लेखांपाशी हमखास थांबतो. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे एके काळचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीदरवरील ग्रंथात या लेखांची नोंद करून ठेविली आहे. तोफेचा लेख धातूवर असल्याने टिकला. लष्करी रायफलीच्या खुणा मात्र काही लोखंडावर व पुष्कळशा लाकडावर असतात. लाकूड घासले की त्या कायमच्या जातात.

बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत हा केवळ हौशी लोकांचा विषय नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर या वाटेने पुढे गेले आणि १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्याआधीच्या रझाकारांच्या अत्याचारांच्या व नंतर झालेल्या हिंसाचाराच्याही आठवणी येथील घराघरांत आहेत. अशा प्रदेशात एखाद्या जुन्या शस्त्राखाली ‘अमक्याची रायफल’ अशी पाटी लावणे ही जोखमीची गोष्ट होय. ती पाटी खरी की खोटी, हे ठरविण्याचे एक साधन म्हणजे दस्त्यावरील ठसे.

या काळातील हिंदुस्थानी सैन्याची नेहमीची रायफल म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’ ली-एनफील्ड. तिच्या १९०७ च्या नमुन्याच्या दस्त्यावर, खांद्याला टेकविण्याच्या भागाच्या उजव्या बाजूस, एक पितळी चकती असे व तीवर पलटणीची खूण आणि शस्त्राचा क्रमांक कोरीत. पहिल्या महायुद्धात काम लवकर उरकावे म्हणून १९१६ साली जो सुटसुटीत नमुना आला, त्यातून ही चकती वगळण्यात आली. लाकडावर तपासनिसांचे लहान लहान ठसे असत. सरकारी मालकीची खूण म्हणजे रुंद बाण; त्याखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असल्यास ती मालकी हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक भिडवून उमटविलेले असले तर ते शस्त्र सरकारने विकून टाकले असे समजावे. दस्त्याच्या वरच्या अंगास, पितळी तळपट्टीजवळ, ‘एल्’ किंवा ‘एस्’ हे अक्षर आढळते; ते केवळ दस्ता लांब की आखूड एवढेच सांगते. कित्येक जण त्याला पलटणीची खूण समजतात.

मूळ ठसा ओळखावा कसा? पोलादी छाप्याचा घाव बसला की लाकडाचे तंतू आत दबतात. वर्षानुवर्षे जवसाचे तेल, धूळ व हातांचा घाम त्या खोलगटात मुरतो. त्यामुळे तळ काळवंडतो आणि कडा झिजून मऊ होतात. दिवा एका बाजूने तिरपा धरला असता असा ठसा सहज वाचता येतो. नव्याने मारलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात, भोवती लाकूड किंचित वर उचललेले दिसते आणि त्याने जुन्या तेलाचा थर फोडलेला असतो. काचकागदाने घासलेल्या दस्त्याचे ठसे उथळ व अर्धवट असतात. शिवाय लाकडाची पातळी शेजारच्या लोखंडापेक्षा खाली गेलेली बोटाला जाणवते.

त्यानंतर लाकूड व लोखंड यांची साक्ष ताडून पाहावी. पकडीजवळच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व साल असते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्याचे नाव तेथेच वाचावयास मिळते. लोखंडावरील क्रमांक नळीखालच्या लाकडाच्या टोकाशी, खालच्या बाजूस, पुन्हा मारलेला असतो. दोन्ही क्रमांक जुळले तर ते लाकूड त्याच रायफलीचे होय. न जुळल्यास लगेच लबाडी समजू नये. सैन्याच्या कार्यशाळेत दस्ते बदलणे हे रोजचेच काम होते.

एवढे करूनही ठसा जितके सांगतो तितकेच ऐकावे. समजा, एखाद्या रायफलीवर हैदराबाद पलटणीची खूण आढळली. म्हणजे ती निजामाची, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. हिंगोली, जालना येथे ज्यांच्या छावण्या होत्या त्या हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी १९०३ साली हिंदुस्थानी सैन्यात सामील झाल्या. १९२२ साली त्यांची १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ साली तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. निजामाची स्वतःची फौज याहून निराळी, आणि रझाकार ही तर खासगी संघटना. ठसा कारखाना, मालक व पलटण सांगतो. पुढे ते शस्त्र कोणाच्या हाती गेले आणि कोणावर रोखले गेले, हे दस्त्यावर लिहिलेले नसते. त्यासाठी जप्तीचे कागद व माणसांच्या जबान्याच पाहाव्या लागतात.

म्हणून संग्रहालयात, शाळेत वा ठाण्यात जेथे अशी रायफल कायदेशीर रीतीने ठेविलेली असेल, तेथे ती प्रथम जाणत्या अधिकाऱ्याकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. मग मऊ फडक्याने केवळ धूळ पुसावी, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावी आणि ठसे जसेच्या तसे वहीत उतरावे. पॉलिशचा डबा मात्र दूर ठेवावा. वाचता न आलेला ठसा उद्या दुसरा कोणी वाचील. घासून टाकलेला कोणालाच वाचता येणार नाही.