फासा पडला, पुढे काय?



टेबलाभोवती चार-पाच मित्र.
हातात पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा.
खेळ आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स.
गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ
१९७४ साली अमेरिकेत आला.

इथे फासा फक्त निकाल सांगतो.
चित्र आपण उभं करायचं.

समजा, तुमचा जादूगार 'फायरबॉल' म्हणजे आगीचा गोळा फेकतोय.
या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं.
थट्टा नाही, नियमातच आहे!
मग आधी गंधकाचा वास येऊ द्या.
बोटातून प्रकाशाची रेघ सुटू द्या...
क्षणभर शांतता...
आणि मग भडका!
राक्षसाची दाढी करपू द्या.

तलवारीचा वार हुकला?
नुसतं 'हुकला' म्हणू नका.
तो ढालीवर खणकन् आदळला,
हाताला झिणझिण्या आल्या, असं सांगा.
पुन्हा सांगते, फासा निकाल सांगतो, चित्र आपलं.

मात्र प्रत्येक वाराला पाल्हाळ नको.
बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत असतात.
शब्द राखून ठेवा शेवटच्या घावासाठी.
हाच खेळ दाखवणाऱ्या 'क्रिटिकल रोल' या अमेरिकी कार्यक्रमात
खेळ चालवणारा सूत्रधार असताना मॅट मर्सर तो घाव स्वतः रंगवत नसे.
कसा घालणार, हे खेळाडूलाच विचारत असे.
आणि अख्खं टेबल ओरडायचं!