काळ्या मोहऱ्यांची अनपेक्षित चाल
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती, आरोग्य, बालसंगोपन असे विषय बाजूला ठेवून बुद्धिबळावर बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. ती मला मनापासून आवडली. हा खेळ बायकांना काही परका नाही. भारतातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली, आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक घरी आणला. आपल्या मंडळातही दुपारची कामे आवरली की पट मांडले जातात. तेव्हा एक तक्रार नेहमी ऐकू येते: "काळी मोहरी आली की डाव पहिल्यापासून अंगावर येतो."

तक्रार खोटी नाही. पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून डावाला वळण देण्याचा मानही त्याचाच. त्यातून समोरच्याने पुस्तके वाचली असली, तर त्याच्या पहिल्या आठदहा चाली पाठच असतात. अशा वेळी काळ्याच्या मनात येते की आपण पुस्तकात नसलेलीच चाल केली तर? त्याचे पाठांतर तिथेच संपेल!

या विचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८० सालचे आहे. स्वीडनमधील स्कारा या गावी युरोपातल्या देशांची सांघिक स्पर्धा चालू होती. पांढरी मोहरी घेऊन बसला होता रशियाचा अनातोली कार्पोव्ह, त्या वेळचा जगज्जेता. समोर इंग्लंडचा टोनी माईल्स. कार्पोव्हने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. माईल्सने काय करावे? पटाच्या अगदी कडेचे, वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर पुढे केले! पुढच्या चालीला त्याच्या शेजारचे प्यादे दोन घरे. एखाद्या नवशिक्या मुलाने खेळावे तसा हा प्रकार. प्रेक्षकांत हशा पिकला, असे माईल्सने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. शेवटी जिंकला मात्र माईल्स.

ही गोष्ट येथवर सांगून पुष्कळ लोक थांबतात. पण खरी शिकवण पुढेच आहे. त्या दोन विचित्र चालींनी कार्पोव्हवर मात झाली नाही. माईल्सने उंट लांब तिरप्या रेषेवर बसवला, घोडे बाहेर काढले, किल्लेकोट केला. म्हणजे रीतसर संसार मांडला. कार्पोव्हने त्याच्या राजावर चढाई करून पाहिली, ती फुकट गेली आणि त्या धांदलीत त्याचे एक प्यादे कमी झाले. अठ्ठाविसाव्या चालीला वजीर वजिरावर गेले. त्यानंतर त्या एका जादा प्याद्याच्या बळावर माईल्स शांतपणे खेळत राहिला आणि सेहेचाळिसाव्या चालीला डाव संपला. चकव्याने एवढेच केले, की जगज्जेत्याला पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने विचार करायला लावले. बाकीचे काम माईल्सच्या तयारीचे.

आता दुसरा प्रकार पाहा. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले की काही जण उत्तरादाखल राजापुढचे प्यादे दोन घरे टाकून ते फुकट देतात. मग वजीर लवकर बाहेर काढून शह देतात आणि पांढऱ्याच्या घोड्यापुढचे प्यादे मारतात. पांढऱ्याचा हत्ती आता वजिराच्या तोंडाशी. घाबरून त्याने वजिरावर उंट घातला, तर काळ्याचा उंट त्याला जखडतो आणि पांढऱ्याचा डाव तिथेच कोसळतो. परंतु उंटाऐवजी त्याने वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढला, तर? तर काळ्याचा वजीर परमुलखात एकटा आणि बाकीची मोहरी घरात झोपलेली. असा सापळा एकदा साधतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस समोर बसला की आपल्या हाती काही उरत नाही.

म्हणून चाल निवडताना मनाला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याने अगदी बरोबर उत्तर दिले, तरी माझा डाव उभा राहील काय? राहत असेल, तर ती चाल खुशाल खेळावी. राजापुढच्या प्याद्याला पहिल्याच चालीत घोड्याने उत्तर देण्याची पद्धत घ्या. अलेखाइनने ती १९२१ साली बुडापेस्टला खेळून नावारूपाला आणली. पांढऱ्याची प्यादी घोड्याचा पाठलाग करीत पुढे येतात आणि मग तीच प्यादी काळ्याचे लक्ष्य होतात. १९७२ साली जगज्जेतेपदाच्या सामन्यात फिशरने स्पास्कीविरुद्ध तेराव्या डावात हीच पद्धत काढली आणि डाव जिंकला.

कोणी विचारील, ही लबाडी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पटावर सारे उघडे असते. आपली चाल त्यालाही दिसते, विचाराला वेळ त्यालाही मिळतो. शिवाय विचित्र म्हणजे काय, हे पाहणाऱ्यावरही अवलंबून असते. १८५० नंतरच्या काळात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रन नावाच्या स्कॉटिश खेळाडूशी डाव खेळत. आपल्या देशी पद्धतीत प्यादी आरंभी एकेक घरच चालत, म्हणून महेशचंद्र प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसवीत. युरोपच्या दृष्टीला ते नवल होते. त्यांना ते घरचे वळण होते. आज त्याच वळणाच्या बचावांना जगभर 'इंडियन' हे नाव आहे आणि जगज्जेतेही ते खेळतात.

तेव्हा भगिनींनो, पाच चकवे पाठ करू नका. एकच निवडा आणि आपसांत वीसपंचवीस डाव खेळून तो घरच्या स्वयंपाकासारखा हाताखालचा करा. राजा लवकर सुरक्षित करा. आणि समोरचा गोंधळला म्हणून घाईने चाली करू नका. तो विचार करीत असतो, तेव्हा आपणही करावा. एवढे केले, तर पुढच्या वर्षीच्या आपल्या स्पर्धेत काळी मोहरी आली म्हणून कोणी कुरकुरणार नाही.