लहान वृद्धाश्रमाची पारख



वृद्ध मातापित्यांना आश्रमात ठेवावे की ठेवू नये, हा आजच्या व्याख्यानाचा विषय नव्हे. मुलगा व सून दोघेही नोकरीस जातात आणि दोन खोल्यांच्या घरात अंथरुणास खिळलेल्या आईजवळ दिवसभर कोणी नसते, ही अनेक कुटुंबांची वस्तुस्थिती आहे. तिला नावे ठेवून काहीच निष्पन्न होत नाही. प्रश्न असा की, जेथे आपण आपले माणूस ठेवणार ते घर पारखावे कसे? भाड्याच्या बंगल्यात दहापंधरा वृद्धांना सांभाळणाऱ्या लहान संस्था आज शहरोशहरी आहेत. त्यांच्याविषयीच मी बोलणार आहे.

लहान संस्थेचा गुण तिच्या लहानपणात आहे. तेथे माणसाला नावाने हाक मारली जाते. कोण जेवले नाही हे लगेच कळते. परंतु तिचा धोकाही तेथेच आहे. सारी सत्ता एका संचालकाच्या हाती असते आणि तिच्यावर नजर ठेवणारे फारसे कोणी नसते. म्हणून माझी कसोटी एकच आहे: या दारातून आत गेलेला मनुष्य नागरिक राहतो, की आश्रित होतो?

ती लावण्यासाठी प्रथम न कळविता जा, आणि जेवणाच्या वेळी जा. सकाळी अकरा वाजताही सारे वृद्ध खाटेवरच पडलेले असतील तर का, ते विचारा. कोणास खाटेस बांधले आहे काय, गुंगीचे औषध देऊन निजविले आहे काय, हे पाहा. शौचालयात धरावयास दांडा आहे काय, फरशी ओली आहे काय, रात्री दिवा असतो काय? अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोनएक तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीस जखमा होतात. म्हणून रात्री किती माणसे जागी असतात, हा प्रश्न दिवसाच्या थाटापेक्षा महत्त्वाचा आहे. औषधे कोण देतो, त्याची नोंद कोठे होते, आणि अपरात्री छातीत कळ आली तर कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने नेणार, हेही विचारून घ्या. मग संचालक जवळ नसताना तेथील वृद्धांशी बोला. ते उत्तर देण्यापूर्वी दाराकडे पाहू लागले, तर त्यातून काय समजावयाचे ते समजा.

पंगतीतही डोळे उघडे ठेवा. प्रवेशअर्जात जात विचारली आहे काय? कोणाचे ताट वेगळे ठेवले जाते काय? सकाळची प्रार्थना सर्वांवर सक्तीची आहे काय, आणि आपल्या आईने उशाशी बुद्धाची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली तर चालेल काय? हे विचारण्यात संकोच नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तिचे आचरण शिक्षेस पात्र आहे. आयुष्यभर ताठ ठेवलेली मान अखेरच्या दिवसांत खाली घालावयास लावणारे घर कितीही स्वच्छ असले तरी त्याज्य होय.

आता कागदांकडे वळू. संस्था न्यास असेल तर नोंदणी क्रमांक घ्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची खात्री करा. करार लेखी असावा. दरमहा रक्कम किती, तीत काय येते, वाढ केव्हा होईल, अनामत केव्हा परत मिळेल आणि कोणत्या कारणाने माणसास घरी पाठविता येईल, हे त्यात असावे. निवृत्तिवेतनाचे पासबुक व आधारपत्र संस्थेच्या कपाटात ठेवू नका. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच देऊ नका.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ सालचा आहे. आईला आश्रमात ठेवले म्हणून मुलाचे दायित्व संपत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसेल तर तिला न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने वृद्धास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडले, तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घर मुलाच्या अथवा संस्थेच्या नावे करून द्यावयाचेच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तऐवजात लिहून घ्या. अट मोडल्यास कलम २३ खाली तो दस्त रद्द करून मागता येतो. परंतु अशी अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. छळ होत असल्यास १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांना मदत मागता येते.

शेवटी एवढेच सांगतो. ही सारी पाहणी मुलांनी आपसांत करून निर्णय आईस कळवावयाचा, ही रीत चुकीची आहे. तिला बरोबर न्या. तिची खाट, तिची खिडकी, तिची शेजारीण तिला पाहू द्या. प्रथम एक महिना राहून पाहण्याची मुभा मागा, आणि महिन्यानंतर ती ‘नको’ म्हणाली तर तिला घरी आणा. तेथे राहणे तिने पसंत केले, तरी आपले येणेजाणे थांबवू नका. ज्या वृद्धाकडे आठवड्यास कोणीतरी येते, त्याच्याशी वागताना संस्था दहादा विचार करते.