नाव शोधताना सैल हात, वगळताना आखडता



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पगार, कोर्स आणि मुलाखतींची माहिती तुम्हाला मोबाईलवर माझ्यापेक्षा चांगली मिळेल. मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे कऱ्हाड.

मी तिथलाच. घरात दखनी, शाळेत मराठी. अब्बा वर्कशॉपमध्ये कामाला होते, अम्मी घरी शिवणकाम करायची. कापड बेतताना ती शिवणीच्या आत बोटभर माया सोडायची. उद्या कुणाला तरी हे उसवावं लागेल, त्याच्यासाठी ही सोय, असं तिचं म्हणणं. ते किती मोठं शिक्षण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कॉलेजात माझ्याकडे जुना, मंद कॉम्प्युटर होता. सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लिनक्स घातलं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 साली ते सुरू केलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे. कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला पुढे वाटावा, असा लेखी परवाना त्यामागे असतो. मला फुकटपणाने आत ओढलं आणि वाचण्याच्या हक्काने तिथे टिकवलं.

आता त्या शब्दाकडे येतो. आमच्या शेजारच्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. यादी ऑनलाइन लागली. तिने नाव आणि गाव टाकून शोधलं. उत्तर आलं, 'नोंद सापडली नाही.' बिचारी गप्प बसली. महिन्याने कळलं की नाव यादीत होतं, पण कागदपत्रं देण्याची मुदत टळून गेली होती. त्या वर्षी तिच्या मामांनी उसनवारी करून फी भरली.

मी खोदून पाहिलं. 'कऱ्हाड' मधला तो अर्धा र कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र पहिला शब्द सहा चिन्हांचा आणि दुसरा सात चिन्हांचा, म्हणजे दोन वेगळी गावं! यादी बनवणाऱ्याचा कीबोर्ड एक, मुलीच्या फोनचा दुसरा. फरक एवढाच होता.

शोधासाठी वापरलेली कोड-लायब्ररी ओपन सोर्स होती. मी जोशात चार ओळींची दुरुस्ती पाठवली. अदृश्य चिन्ह दिसलं की काढून टाका, झालं काम! त्या लायब्ररीची देखभाल करणाऱ्या माणसाला मराठीचा गंधही नव्हता. त्याने एवढंच विचारलं, हे चिन्ह काढल्याने कुठल्या भाषेत अर्थ बदलतो का?

मी तपासलं आणि घाम फुटला. त्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' मधून ते चिन्ह काढलं की 'दर्या' उरतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. 'आचाऱ्यास' चं 'आचार्यास' होतं, म्हणजे स्वयंपाक्याचं निमंत्रण गुरुजींना जातं. श्रीलंकेच्या सिंहली लिपीत तर 'श्री' लिहायलाच हे चिन्ह लागतं. एका गावाचं भलं करायला निघालेलो मी दुसऱ्या देशाचं नाव बिघडवणार होतो.

तीन आठवडे लागले. शेवटी असं केलं की मूळ मजकुराला हात लावायचा नाही. फक्त तुलना करताना, र आणि हलन्त यांच्या पुढे ते चिन्ह असेल तरच, त्याला ऱ च्या रूपात वाचायचं. बदल पुन्हा चारच ओळींचा, पण सोबत दर्या-दऱ्यासारख्या जोड्यांच्या चाचण्या आणि हे का केलं याची टिपण. अम्मीची माया ती हीच.

माझी चूक सगळ्यांना दिसेल अशी तिथे आजही नोंदलेली आहे. सुरुवातीला लाज वाटायची. आता नवीन मुलांना मी तीच आधी दाखवतो.

पण खुलेपणा म्हणजे जादू नव्हे. 2024 साली 'एक्सझेड' नावाच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. ते सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला होता. मदतीच्या नावाने आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षं काम करून त्याचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि खोदत गेल्यावर सगळं उघडकीला आलं. कोड खुला होता म्हणून त्याला खोलवर जाता आलं. पण आपल्यातल्या कुणीतरी खरंच वाचलं पाहिजे आणि सांभाळणाऱ्याचं ओझं वाटून घेतलं पाहिजे.

शेवटचा मुद्दा नावांचा. 'ज़ाकिर' हे नाव घ्या. नुक्त्याचा ज़ एका चिन्हात लिहिता येतो, ज आणि नुक्ता असा दोन चिन्हांतही. हे दोन्ही एकच, असं युनिकोडचा नियम सांगतो. पण नुक्त्याविना 'जाकिर', किंवा मराठी कानाने लिहिलेला 'झाकीर'? तिथे नियम संपतो आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

मी स्वतःपुरता नियम केला आहे. नाव शोधताना हात सैल ठेवायचा, जवळची सगळी नावं दाखवायची आणि माणसाला निवडू द्यायचं. नाव वगळताना किंवा दोन नोंदी एक करताना हात आखडता घ्यायचा. अक्षरं जुळली नाहीत एवढ्यावरून यंत्राने कुणाला बाद करू नये, आणि जुळली एवढ्यावरून दोन माणसांना एक ठरवू नये. शेवटचा शब्द माणसाचा, आणि त्या माणसाचं उत्तरदायित्व लेखी.

तुमच्यापैकी कुणाला या कामात यायचं असेल, तर आज घरी गेल्यावर आईचं नाव जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहा आणि एखाद्या यादीत शोधून पाहा. जिथे सापडणार नाही, तिथून तुमचं काम सुरू होतं.