शाळा सुटल्यानंतरची शाळा

(मुळशी तालुक्यांतील एका गांवीं पालकांच्या बैठकींत केलेलें भाषण)

आयाबायांनो व शेतकरी-कारागीर बंधूंनो,

आम्ही कांहीं मोठे व्याख्याते नव्हे. मराठी ट्रेनिंग कॉलेजांतून निघालों आणि गेलीं वीस वर्षें तुमच्याच पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आलों. तेव्हां बोलण्यांत उणेंअधिक झालें तर पदरांत घ्यावें. आजचा विषय आमच्या शाळेचा नाहीं. आमच्याकडून सातवी होऊन तुमचीं मुलें खालीं पुण्याच्या अंगाला ज्या मोठाल्या हायस्कुलांत जातात, तेथला आहे.

परवां आमच्या ओट्यावर एक आबा येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, पोरगं तिकडं शिकाया धाडलं का नाचाया? शाळा पांचाला सुटती, घरला येतंय आठाला. म्हंतंय, संमेलनाची तालीम हुती, कबड्डीचा सराव हुता. अवो, खेळ तर आमच्या खळ्यावर फुकाट मिळतो!" आम्हांला हसूं आलें. परंतु आबा गेल्यावर हसूं ओसरलें. त्यांचें म्हणणें सरळ आहे. पोर घरीं नसेल तर संध्याकाळीं गोठा कोण पाहील? या प्रश्नाला बगल देऊन 'खेळानें शरीर सुदृढ होतें' असें पुस्तकी वाक्य तोंडावर फेकणारा मास्तर आबांच्या लेखीं खोटाच.

हीं हायस्कुलें पुष्कळ आयाबायांनीं आंत जाऊन पाहिलेलीं नाहींत, म्हणून सांगतों. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे हीं आपल्या तालुक्याचीं गांवें सन २०२१ मध्यें पुणें महापालिकेंत गेलीं. हिंजवडीच्या माळावर संगणकाच्या कंपन्या त्याआधींच उभ्या राहिल्या. या पट्ट्यांतल्या मोठ्या हायस्कुलांत एकेका इयत्तेच्या चार-चार, पांच-पांच तुकड्या. शाळा कसली, जत्राच ती! आणि वर्गाबाहेर तेथें दुसरी एक शाळा चालते. एन. सी. सी. ची परेड, स्काउट-गाइडचीं पथकें, कबड्डी-खोखोचे संघ, लेझीम, वक्तृत्वाच्या स्पर्धा, भित्तिपत्रक, विज्ञान प्रदर्शन, विद्यार्थ्यांचें मंत्रिमंडळ आणि स्नेहसंमेलन. या दुसऱ्या शाळेंत नापास होण्याची भीति नाहीं आणि हजेरीही नाहीं. हजेरी नाहीं म्हणूनच आपलीं मुलें तींत गैरहजर आहेत, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अशाच एका संमेलनाला आम्ही मुद्दाम जाऊन मागें उभे राहिलों. निवेदन करणारीं, भाषण करणारीं, नाटकांत राजा होणारीं मुलें शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारीं. वाडीवस्तीवरून येणारीं आपलीं मुलें कोठें होतीं? सतरंज्या घालीत होतीं, खुर्च्या उचलीत होतीं. काम हलकें असतें असें आम्ही म्हणत नाहीं; सतरंजी घालणें हेंही शिक्षणच. पण दरवर्षीं सतरंजी एकाच्या हातीं आणि माइक दुसऱ्याच्या हातीं, ही वांटणी कोणी केली? कोणा दुष्टानें केली नाहीं. शेवटच्या एस. टी. नें केली, पोशाखाच्या भाड्यानें केली, आणि थोडी आपणही केली.

आतां घरचीच गोष्ट सांगतों. आम्ही आठवींत असतां वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठीं आमचें नांव निघालें. स्पर्धा ऐन आवणींत. पावसानें जोर धरलेला, दाढ उपटून पडलेली, माणसें मिळेनात. वडील म्हणाले, "भाषणानं भात लागत न्हाई." ते खोटें बोलले नाहींत. आम्ही खाचरांत उतरलों. वडिलांस आम्हीं कधीं दोष दिला नाहीं, आजही देत नाहीं. परंतु पुढें पंधराएक वर्षांनीं गांवांत जमिनीच्या मोजणीसाठीं सभा भरली. साहेब गटनंबर वाचीत होते. आमच्या भावकीच्या गटाची हद्द चुकीची वाचली गेली, हें आम्हांस स्पष्ट कळलें. कागद आमच्या खिशांत होता! तरी आम्ही उठलों नाहीं. रोज वर्गांत बोलणारा मास्तर मोठ्या माणसांपुढें उभा राहूं शकला नाहीं; जीभ टाळ्याला चिकटली. ती चूक दुरुस्त करावयास तीन वर्षें तालुक्याला खेपा घालाव्या लागल्या. त्या खेपांचें भाडें मोजलें तर एका दिवसाच्या आवणीची मजुरी कितीतरी स्वस्त होती.

आपल्या तालुक्यांत ही गोष्ट लहान नाहीं. सन १९२१ मध्यें टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांसारखा धैर्याचा पुरुष त्यांत उतरला, तुरुंगांत गेला. त्यांचें ऋण आम्ही मानतों. तरी धरण झालें, भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. ज्यांचीं गेलीं त्यांच्यांतून चार लोकांत उभें राहून आपला कागद आपण वाचून दाखविणारे किती होते? आज धरणाच्या जागीं बंगल्यांच्या योजना येतात. मसुदा वकिलाचा, भाषा कोर्टाची, सही मात्र आपली. त्या वेळीं "थांबा, हें काय लिहिलें आहे?" असें विचारण्याचें धाडस गणिताच्या तासाला शिकवीत नाहींत. तें शाळेच्या मंत्रिमंडळांत, वादसभेंत, संघाच्या कप्तानपणांत अंगीं येतें.

हें आमच्याच डोक्यांतून निघालेलें नाहीं. सन १८८२ मध्यें जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचें व आरोग्याचें ज्ञान शाळेंत मिळावें, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची लाज न वाटणारा मास्तर मिळावा, असें त्यांनीं त्यांत मागितलें. (नांगर आम्हीं धरला आहे. वाकस धरला तेव्हां अंगठा कापून घेतला, हें सुतारआळीस ठाऊक आहे.)

पुढें किर्लोस्करांचे नांगर विकीत हिंडलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. त्याला १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें छत्रपति शाहूंचें नांव दिलें गेलें. १९४० सालीं तेथेंच महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस बसलीं. मुलांनीं शेतांत कष्ट केले, स्वयंपाक केला, दगडमाती वाहिली आणि त्या श्रमावर शिकलीं. आज हायस्कुलें ज्याला 'उपक्रम' म्हणतात तो तेथें हौसेचा कार्यक्रम नव्हता, पोटाचा व्यवहार होता. आणि शेवटची गाडी चुकण्याची भीति नव्हती, कारण मुलें तेथेंच राहात. भाऊरावांनीं गरिबाच्या पोराला शाळेच्या घड्याळाशीं जुळवून घ्यावयास लावलें नाहीं. शाळेचें घड्याळच त्याच्याकडे वळविलें.

तेव्हां हायस्कुलांच्या चालकांस आपलें मागणें असावें तें हेंच. तालमी व सराव शाळेच्या वेळांत बसवा, मधल्या सुटींत बसवा, शनिवारीं सकाळीं बसवा. संमेलनाच्या पोशाखाला पैसे मागूं नका. आणि प्रदर्शनाचें काय तें एकदां ठरवा. एका प्रदर्शनांत आमच्या सुताराच्या पोरानें घरच्या फळकुटांचा फिरता रहाट करून मांडला होता. पाणी खरोखर वर येत होतें. बक्षीस कोणाला? दुकानांतून विकत आणलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या खोक्याला! पोरगें रहाट डोक्यावर घेऊन घरीं आलें. त्याच्या बापानें तो परसांत बसविला, तेथें तो अजून फिरतो.

पालकांसही दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या. ज्याचा हात चित्रांत आहे, त्याला एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवा. कुंभारआळींत व सुतारआळींत असे हात पुष्कळ आहेत. शालेय स्पर्धांत संघ वरपर्यंत पोहोंचला तर नियमाप्रमाणें दहावी-बारावीस क्रीडागुण मिळतात. पोलिसांत किंवा फौजेंत जाऊं म्हणणाऱ्यानें एन. सी. सी. सोडूं नये. आपल्या तालुक्यानें मुठ्याच्या मामासाहेब मोहोळांसारखा कुस्तीचा आश्रयदाता दिला. महाराष्ट्र केसरीची गदा त्यांच्या नांवानें देतात. त्या तालुक्याला खेळाचें महत्त्व आम्हीं काय सांगावें?

मुलींविषयीं आयाबाया विचारतात, "अंधार पडतो, गुरुजी." खरें आहे. वरच्या वाडीच्या तीन घरांनीं यावर तोड काढली आहे. तिन्ही घरच्या मुली खोखोंत आहेत. सरावाच्या दिवशीं एकेक आई पाळीपाळीनें बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहते. एकीला आठवड्यांतून एकदांच खेटा पडतो. त्यांतली एक आई आम्हांस म्हणाली कीं, मुलगी परत येतां येतां दिवसभराचें सगळें सांगते, घरीं आल्यावर कांहींच सांगत नाहीं.

राहिले आबा. त्यांना आम्हीं म्हटलें, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं पोराच्या, बाकीच्या गोठ्याच्या. आणि आवणीचे पंधरा दिवस शाळेनें त्याला मागूं नये, हें आम्ही हेडमास्तरांस सांगूं. आबा म्हणाले, "दोन न्हाई, एक." सौदा अजून तुटलेला नाहीं.

येत्या शनिवारीं हायस्कुलांत पालकांची सभा आहे. एस. टी. च्या वेळांचा कागद आम्हीं करून ठेवला आहे. तो तेथें वाचावयाचा आहे, आणि या वेळीं आम्ही नव्हे, तुमच्यापैकीं कोणी तरी उठून वाचावा असें आमच्या मनांत आहे. साडेनऊची गाडी फाट्यावर थांबते. येणारांनीं सभा संपल्यावर आमच्याकडे नांवें द्यावींत. वही तेथें पारावर ठेवली आहे.